झाकल्या जाणाऱ्या कामाची किंमत

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सगळेच वापरतो. या म्हणीत घरमालकाची दगदग आहे, त्याचा रिकामा होत जाणारा खिसा आहे, त्याची झोप उडालेली आहे. पण घर बांधताना एकट्या मालकाचेच काही पणाला लागलेले नसते. गवंडी असतो, डोक्यावर घमेले वाहणारी बिगारी बाई असते, भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी असतो, उद्या येणारा भाडेकरू असतो आणि अजून जन्मालाही न आलेली नातवंडे असतात. या सगळ्यांचा जीव त्या चार भिंतींच्या भरवशावर असतो. म्हणून घर बांधणे ही खासगी बाब असली तरी ती केवळ खासगी राहत नाही. तो नीतीचाही प्रश्न होतो.

आपल्या समाजात घराच्या संदर्भात नीतीचा प्रश्न निघतो तो बहुधा एकाच ठिकाणी, व्याजाच्या कर्जापाशी. कर्ज घ्यावे की नाही, कोणते घ्यावे, मजबुरी कशाला म्हणावी, यावर बैठकीत तासन्‌तास चर्चा होते. ती व्हायलाही हवी. परंतु पैसा हाती आल्यावर तो घरात कुठे गेला आणि कुठे गेला नाही, याची चर्चा कुणी करत नाही. पैसा कुठून आला हे विचारणारे आपण, तो कशावर खर्च झाला हे विचारताना गप्प का होतो? मला या लेखात एवढाच एक प्रश्न विचारायचा आहे. जे काम उद्या झाकले जाणार आहे, जे पुन्हा कुणाच्या नजरेला पडणार नाही, त्याची किंमत कोणी मोजायची?

थोडा विचार केला तर लक्षात येते की घराची सारी ताकद झाकलेल्या कामात असते. पाया मातीखाली जातो. सळया आणि त्यांना बांधणाऱ्या रिंगा काँक्रीटच्या पोटात जातात. नळाचे पाइप, विजेच्या तारा गिलाव्याखाली जातात. न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग फरशीखाली जाते. दिसत राहते ते काय? समोरचे एलेव्हेशन, लोखंडी गेट, दिवाणखान्यातले पीओपी, जिन्याचे ग्रॅनाइट. पाहुणे येतात, मान वर करून छताची नक्षी पाहतात आणि 'माशाअल्लाह, घर छान झाले' म्हणून जातात. पायाला किती खोल गेलात, असे आजवर कुणा पाहुण्याने विचारल्याचे मी ऐकलेले नाही. मग पैसे कमी पडू लागले की कात्री कुठे लागते, हे सांगायला नको.

या कात्रीचा हिशेब कधी ना कधी होतो. मी लातूर जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या पिढीला किल्लारी कळली ती घरातल्या मोठ्या माणसांच्या बोलण्यातून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी, चारच्या सुमारास जमीन हलली आणि लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतली सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये तो नकाशा बदलला. पण माणसे जमिनीने मारली नाहीत, घरांनी मारली.

ती घरे कशी होती? दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर माळवद. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, किल्लाच आहे. पण ती भिंत एकसंध नव्हतीच. आतल्या बाजूचा दगडांचा एक थर, बाहेरच्या बाजूचा दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या व माती. दोन्ही थरांना आरपार धरून ठेवणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेला नव्हता. गिलावा झाल्यावर तो दगड आहे की नाही हे कुणाला दिसणार? हादरा बसताच दोन्ही थर फुगून एकमेकांपासून सुटले आणि कोसळले. वर माळवदाची माती होती. पावसाळ्यापूर्वी गळती थांबवण्यासाठी तिच्यावर मातीचा नवा थर चढवण्याची रीत होती. गळती दिसत होती, म्हणून तिचा इलाज दरवर्षी झाला. छपराचे वाढत चाललेले ओझे दिसत नव्हते, म्हणून त्याची चिंता कुणी केली नाही. भिंतीची जाडी ही घराण्याची प्रतिष्ठा होती, आणि गरिबाच्या हलक्या छपराच्या झोपडीने मात्र आपल्या माणसांना त्यामानाने सांभाळून घेतले. या गोष्टीत आपल्या सर्वांसाठी मोठा बोध आहे.

आज दगडमातीची घरे कमी होत चालली आहेत. ज्यांची अजून आहेत आणि ज्यांना दुरुस्ती करायची आहे, त्यांनी रंगाच्या आधी त्या आरपार दगडाची चौकशी करावी. उंचीत दर दोन फुटांवर आणि आडव्या अंगाने चार फुटांच्या आत असा एक दगड असावा, असे या बांधकामाचे शास्त्र सांगते. जुन्या भिंतीत तो नसेल तर भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरता येते. माळवदावरची जादा माती उतरवता येते. या कामाला एलेव्हेशनपेक्षा कमी खर्च येतो. फक्त ते पाहून कुणी वाहवा करत नाही.

'आम्ही आरसीसीत बांधतोय' असे म्हणणाऱ्यालाही सुटका नाही. आरसीसी म्हणजे ताईत नव्हे. काँक्रीट कालवताना थोडे जास्त पाणी घातले की माल पातळ होतो, भराभर पसरतो, ठोकून बसवण्याची मेहनत वाचते आणि वरून तो गुळगुळीत दिसतो. पण तेवढीच त्याची ताकद कमी होते. घरासाठी नेहमी वापरतात त्या एकास दीड, तीन मिश्रणात पन्नास किलोच्या गोणीला तीस लिटर पाणी ही प्रमाणकाने घातलेली कमाल मर्यादा आहे, म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. आणि ओल्या वाळूतले पाणीही त्यातच धरायचे. कॉलमच्या रिंगेची टोके नुसती काटकोनात वाकवून सोडली तर मोठ्या हादऱ्यात ती उघडतात. ती आणखी वाकवून कॉलमच्या पोटात वळवावी लागतात. सळईच्या खाली आणि बाजूला काँक्रीटचे पुरेसे आवरण हवे, स्लॅबला किमान वीस मिलिमीटर, कॉलमला चाळीस. त्यासाठी कव्हर ब्लॉक मिळतात, तरी हाताला लागेल ती खडी सळईखाली सरकवली जाते. काही वर्षांनी सळई गंजते, फुगते आणि स्लॅबचे पोपडे गादीवर पडू लागतात. मग आपण म्हणतो, 'सिमेंट खराब निघाले.'

आणि सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे पाणी मारणे. काँक्रीट 'सुकते' असे आपण बोलताना म्हणतो, पण ते सुकून कडक होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावत पावत कडक होते. पाणी उडून गेले की ही क्रिया थांबते आणि राहिलेली ताकद पुढे सहसा भरून येत नाही. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल किंवा हवा कोरडी व उन्हाची असेल तर किमान दहा दिवस काँक्रीट सतत ओले राहिले पाहिजे. त्याची ताकद जोखतात ती अठ्ठावीस दिवसांनी. स्लॅबवर आळी करून पाणी साठवता येते. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते दिवसातून कित्येकदा भिजवावे लागते. या कामाला ना कौशल्य लागते ना पैसा फारसा लागतो. रोज न चुकता येणारा एक माणूस लागतो. नेमका तोच माणूस बहुतेक बांधकामांवर नसतो.

तो का नसतो? इथे आपण गवंड्याला आणि ठेकेदाराला दोष देऊन मोकळे होतो. 'हल्ली इमान राहिले नाही' हे वाक्य तयारच असते. मला हा निकाल फार सोपा वाटतो. आपण काम देतो कसे ते आधी पाहू. चार ठेकेदारांकडून चौरस फुटाचा दर घेतो, त्यांना एकमेकांविरुद्ध झुंजवतो आणि सर्वांत कमी दराच्या माणसाला काम देतो. वर 'रमजानच्या आत राहायला जायचे आहे', 'मुलीची मंगनी नव्या घरात करायची आहे' अशी घाई लावतो. चौरस फुटाच्या दरात स्लॅब टाकण्याचे पैसे असतात. स्लॅबनंतरच्या दहा दिवसांचे पैसे कुणी वेगळे धरलेले नसतात. जो ठेकेदार दहा दिवस थांबेल तो तोट्यात जाईल आणि जो पुढच्या कामावर निघून जाईल तो टिकेल, असा व्यवहार आपणच ठरवतो आणि मग त्याच्याकडून इमानाची अपेक्षा करतो. ज्या कामाचे पैसे आपण देत नाही, ते काम दुसऱ्याने आपल्या पोटाला चिमटा काढून करावे, ही अपेक्षाच मुळात प्रामाणिक नाही.

हदीसमध्ये बाजारातल्या धान्याच्या राशीचा प्रसंग आहे, तो आपल्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहंमद (स.) यांनी राशीत हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. मग ओले धान्य वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे विचारून त्यांनी फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे स्पष्ट सांगितले. हा प्रसंग आपण नेहमी दुकानदाराला ऐकवतो. घराच्या बाबतीत मात्र रास कोणाची आहे? वरचे कोरडे, सुंदर धान्य म्हणजे ते एलेव्हेशन. आणि आतले ओले धान्य कुठे आहे हे मालकाला पुष्कळदा चांगले ठाऊक असते. सळई एक नंबर कमी करायला त्यानेच सांगितलेले असते. पुढे तेच घर तो भाड्याने देतो, विकतो किंवा मुलांच्या नावे करतो. ऐब झाकून माल विकू नये हा नियम आपल्या बापानेच बांधलेल्या घराला लागू होत नाही, असे थोडेच आहे?

यावर एक रास्त आक्षेप येईल. ज्याच्याकडे पैसाच थोडा आहे, त्याने काय करावे? पै-पै जमवणाऱ्या माणसाला शास्त्र सांगणे सोपे असते. हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलांची घरे एकेका खोलीने वाढत गेलेली आहेत. पण माझे म्हणणे याच माणसासाठी अधिक आहे. श्रीमंताचे घर बिघडले तर तो दुसरे बांधील. गरिबाला दुसरी संधी नसते. त्याने तीनऐवजी दोन खोल्या बांधाव्यात, पण पाया आणि कॉलम पक्के करावेत. फरशी पुढच्या वर्षी बसवता येते, रंग पाच वर्षांनी देता येतो, गिलाव्यावाचूनही काही काळ राहता येते. पाया नंतर 'बसवता' येत नाही. जे पुढे केव्हाही करता येते ते मागे ठेवावे आणि जे पुन्हा करता येत नाही ते आधी पुरे करावे, एवढाच नियम पाळला तरी पुष्कळ साधेल. अडचण पैशाची कमी आणि लाजेची जास्त असते. बिनगिलाव्याच्या घरात पाहुणे कसे बोलवायचे, ही ती लाज.

दुसरा आक्षेप आमच्या भागातला आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. माणसांना प्यायला पाणी नसताना स्लॅबवर पाणी साठवणे ही कुठली नीती? प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर 'पाणी न मारणे' हे नाही. उत्तर असे, की अशा वर्षी स्लॅब टाकूच नये. काम सुरू करण्याचा महिना निवडणे हाही नैतिक निर्णय असतो. पावसाळा संपल्यावर, विहिरींना पाणी असताना, हवेत ओल असताना जड काम काढावे. आणि थांबणे शक्यच नसेल तर आळ्यांऐवजी ओले गोणपाट अंथरून वर प्लॅस्टिकचा कागद घट्ट दाबावा. पाणी उडत नाही आणि कितीतरी कमी लागते. शेजारी घागर घेऊन रांगेत उभा असताना आपले घर टँकरच्या धारेखाली उभे करणे हे त्या घराच्या पायात काही चांगले घालत नाही.

घरे पडतात तेव्हा आपण 'अल्लाहची मर्जी' म्हणतो. दुःखात माणसाला तोच आधार असतो आणि तो कुणी काढून घेऊ नये. परंतु तो आधार दुःख सोसणाऱ्याचा आहे, बांधणाऱ्याचा नव्हे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. त्यांत मजूर होते आणि मजुरांची मुले होती. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळून १६ माणसे मेली. ती इमारत पुरती दहा वर्षांचीही नव्हती. उंट आधी बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, ही शिकवण आपण मुलांना देतो. कॉलमच्या रिंगा नीट बांधणे म्हणजे उंट बांधणेच होय. दोरी न बांधता केलेला तवक्कुल हा आळसाला दिलेला सुंदर पोशाख असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या मोहल्ल्यांत सर्रास घडते. मोठ्या मुलाचे लग्न ठरले की वर मजला चढतो. खाली पाया किती मजल्यांचा घातला होता? अब्बांना आठवत नाही, गवंडी चाचा केव्हाच अल्लाहला प्यारे झालेले असतात, आणि 'एवढे तर पेलेल' या अंदाजावर एका कुटुंबाच्या डोक्यावर दुसरे कुटुंब बसते. इथे उपाय अगदी साधा आहे. प्रत्येक झाकले जाणारे काम झाकण्याआधी त्याचा फोटो काढावा, शेजारी मोजपट्टी धरून. पायाचा खड्डा, कॉलमच्या सळया, स्लॅबची जाळी, भिंतीतले पाइप आणि तारा. न्हाणीघरात फरशी बसवण्याआधी एक दिवस पाणी साठवून खाली ओल येते का ते पाहावे आणि तारीख लिहून ठेवावी. इंजिनिअरचा नकाशा, सळयांचा तपशील आणि हे सारे फोटो एका फायलीत, जागेच्या कागदांसोबत ठेवावेत. आपण जमिनीची वाटणी लिहून ठेवतो. घर किती ओझे पेलू शकते हे मुलांना सांगून जाणे हीसुद्धा एक वसीयतच आहे. मजला चढवण्याआधी मात्र फोटोवर थांबू नये. जाणत्या इंजिनिअरला दाखवावे. त्याच्या फीला आपण महाग म्हणतो आणि गेटवर तेवढेच पैसे सहज घालतो.

झाकलेल्या गोष्टींत एक गोष्ट अशी आहे की तिचे नावही आपण चारचौघांत घेत नाही. ती म्हणजे शौचालयाची टाकी. तिला नीट उघडणारे झाकण नसेल, उपसा करणाऱ्या गाडीची नळी पोहोचेल अशी जागा सोडलेली नसेल, तर उद्या ती तुंबल्यावर कुणा माणसाला आत उतरवले जाईल. कायद्याने २०१३ पासून असे उतरवण्यावर कडक बंदी आहे, तरी माणसे उतरतात आणि आतल्या वायूने मरतात. टाकी बांधतानाच त्या माणसाचा विचार करणे आपल्या हाती असते. तसेच शोषखड्डा शेजाऱ्याच्या विहिरीजवळ, बोअरजवळ नेऊन ठेवणे. जमिनीखालचे पाणी हद्दीची खूण ओळखत नाही. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण वाझमध्ये इतके ऐकतो. तो हक्क बऱ्याचदा आपल्याच अंगणाखाली सहा फूट खोल असतो.

कुणी म्हणेल, यापेक्षा साइटवर खुर्ची टाकून बसावे, लक्ष ठेवावे. लक्ष जरूर ठेवावे. पण निव्वळ पहाऱ्याने झाकलेले काम चांगले होत नाही. शिक्षक म्हणून मला हे रोज जाणवते. तपासणीच्या दिवशी फळा सजतो, तक्ते लागतात. मूल वाचायला शिकते ते मात्र उरलेल्या दिवसांत, कुणी पाहत नसताना. पहिली-दुसरीत अक्षर आणि अंक कच्चे राहिले तर दहावीच्या निकालात तो दोष कुणाच्या नावावर लागत नाही, पण असतो तिथलाच. उर्दूत इमारत बांधण्याला 'तामीर' म्हणतात आणि माणूस घडवण्यालाही 'तामीर' म्हणतात. दोन्हीकडे खरे काम लवकरच नजरेआड होते. ते चांगले व्हायचे असेल तर करणाऱ्याला वेळ, मजुरी आणि मान मिळायला हवा. नंतर पहाऱ्याची गोष्ट.

म्हणून घर बांधू इच्छिणाऱ्या माझ्या वाचक बंधुभगिनींना इतकेच सुचवावेसे वाटते. ठेकेदाराशी करार करताना झाकल्या जाणाऱ्या कामांची वेगळी यादी करा आणि प्रत्येकापुढे वेगळी रक्कम लिहा. पाणी मारायला दहा दिवसांचा एक माणूस धरा आणि त्याची मजुरी रोजच्या रोज, घाम वाळण्याआधी, त्याच्या हातावर ठेवा. गवंड्याने 'आज थांबू या, माल नीट बसला नाही' म्हटले तर त्या दिवसाचा रोज कापू नका. त्या एका दिवसाने त्याने तुमच्यावर उपकार केलेला असतो. स्लॅबच्या दिवशी आपण सगळ्या कामगारांना बिर्याणी खाऊ घालतो, ही आपली चांगली रीत आहे, ती चालू ठेवावी. पण घराची मजबुती त्या जेवणानंतरच्या दहा दिवसांत ठरते, जेव्हा साइटवर ना गडबड असते ना पाहुणे, आणि एखादा म्हातारा माणूस हातात नळी घेऊन गोणपाट भिजवत असतो. त्याला पुरेसे पैसे मिळाले की नाहीत, यावरून ते घर कसे आहे हे सांगता येते.